प्रिंटर बिघडलेला नाही, पत्ता बदललाय

भोर-वेल्ह्यात पावसाळ्यात वीज गेली-आली की कार्यालयातला सामायिक प्रिंटर रुसतो आणि खापर इंटरनेटवर फुटतं. ते बहुधा चुकीचं. सातबारा उतरवून घ्यायला इंटरनेट हवं. त्याच राउटरवरच्या प्रिंटरवर छापायला नको. खरा घोटाळा असा, की वीज परतल्यावर राउटर प्रिंटरला नवा आयपी पत्ता देऊ शकतो आणि संगणक जुन्यावरच कागद पाठवत राहतो. प्रिंटरवरूनच नेटवर्कचा तपशील छापा, पत्ते ताडून पाहा. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर प्रिंटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. आधी केबल किंवा वाय-फाय बघा. ‘बंद-चालू केलं की होतं’ म्हणाल, तर होतं कधीकधी, पण पुढची वीज जाईपर्यंतच. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवा.