चेहऱ्यावरचे भाडेकरू

आमच्या मढला किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणारी शेजारची ताई एकदा पदराने तोंड झाकून आली. “भाऊ, डॉक्टर म्हणतात, चेहऱ्यात किडे वाढलेत. मी काय इतकी घाणेरडी?”

“ताई, ते माझ्याही चेहऱ्यात आहेत,” मी म्हणालो. ही थट्टा नव्हती.

डेमोडेक्स नावाचा हा जीव कोळ्याचा भाऊबंद. मासे पकडणाऱ्या नव्हे, भिंतीवरच्या. पाय आठ, लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. केसाच्या मुळाशी तो तेलकट स्रावावर जगतो, रात्री त्वचेवर फिरतो आणि दोन-तीन आठवड्यांत मरतो. जर्मन वैद्य गुस्ताव सिमोन यांनी १८४२ मध्ये त्याचे वर्णन केले. नवजात बाळाच्या अंगावर तो नसतो. गालाला गाल लागून पुढे येतो. मोठ्यांपैकी जवळपास प्रत्येकाकडे असतो आणि बहुधा त्रास देत नाही.

तो फार वाढला, की लाली, पुळ्या, जळजळ होते. ताईने उन्हाने रापलेला चेहरा उजळावा म्हणून दुकानातून मलम आणून महिनोन् महिने लावले होते. त्यात स्टिरॉइड होते. त्याने त्वचेचा पहारा ढिला पडतो आणि किड्यांचे फावते. अशी चौदा स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला केंद्र सरकारने २०१८ मध्ये मनाई केली, ती उगाच नव्हे.

मात्र असे मलम एकाएकी सोडले, तर चेहरा आणखी भडकतो. म्हणून ते त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच सोडावे. किड्यांवर औषध आहे; चेहरा खरवडून धुणे हा उपाय नव्हे.

ताईने पदर खाली घेतला. म्हणाली, “म्हणजे दोष त्या ट्यूबचा, माझा नाही!”