छोटा संगणक का तापतो?

बँकेच्या काउंटरवर किंवा दवाखान्यात मॉनिटरच्या मागे जाड पुस्तकाएवढी काळी पेटी अडकवलेली दिसते. तो पूर्ण संगणकच असतो. जुन्या उभ्या कॅबिनेटचे आकारमान २५-३० लिटर असे; या पेटीचे जेमतेम एक-सव्वा लिटर. मग बाकीचे सामान गेले कुठे?

काही सामान बाहेर आले, काही आक्रसले. वीजपुरवठ्याचा अवजड डबा जाऊन लॅपटॉपसारखा अ‍ॅडॅप्टर आला. हार्ड डिस्कची जागा २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशा एसएसडीच्या पट्टीने घेतली. रॅमही लॅपटॉपची, म्हणजे निम्म्या लांबीची. डीव्हीडी ड्राइव्ह गेला आणि चित्रे दाखवण्याचे काम वेगळ्या कार्डाऐवजी प्रोसेसरच करू लागला.

आक्रसली नाही ती एकच गोष्ट : उष्णता. प्रोसेसर जेवढी वीज खातो, ती जवळपास सगळी उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. म्हणून अशा संगणकांत नेहमीच्या ६५ वॅटऐवजी बऱ्याचदा ३५ वॅटचा प्रोसेसर बसवतात. तरी ३५ वॅट म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातल्या सोल्डरिंग आयर्नएवढी शक्ती, आणि तीही नखाएवढ्या चिपमध्ये!

ही उष्णता वाहून नेण्यासाठी अनेक छोट्या संगणकांत तांब्याची बंद नळी असते. आतली हवा काढून त्यात थोडेसे पाणी ठेवलेले असते. दाब कमी असल्याने हे पाणी १०० अंशांच्या बरेच आधी उकळते. वाफ थंड टोकाकडे जाते, तिथे तिचे पुन्हा पाणी होते आणि दिव्याची वात तेल ओढते तसे नळीचे सच्छिद्र अस्तर ते पाणी परत आणते. पंप नाही, वीज नाही. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अशी नळी तयार केली होती.

नळीच्या थंड टोकाला धातूच्या पातळ पात्या आणि छोटा पंखा असतो. पात्यांमधल्या फटी अगदी अरुंद. त्यांत धूळ बसली की हवा अडते. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की बरेच प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. आपल्याला वाटते व्हायरस शिरला किंवा संगणक म्हातारा झाला. संगणक अचानक मंदावला आणि पंखा सतत घोंघावत असेल, तर नवा घेण्याआधी धुळीकडे पाहावे.

पेटी बंद कपाटात ठेवू नये आणि तिच्या जाळ्या मोकळ्या ठेवाव्यात. सफाईआधी संगणक बंद करून अ‍ॅडॅप्टर काढावा. पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ ब्रशने किंवा हवेच्या फवाऱ्याने धूळ काढावी. अ‍ॅडॅप्टर मात्र कधीही उघडू नये.

खरेदी करताना रॅम नंतर वाढवता येईल का, हे जरूर विचारावे. काही संगणकांत दोन खाचा असतात. २०२४ च्या मॅक मिनीत मात्र मेमरी चिपसोबतच जोडलेली येते. ती नंतर वाढवता येत नाही. तिथे पुढच्या पाच-सहा वर्षांची गरज दुकानातच ठरवावी लागते.