एकच जागा, दोन नांवें

एखाद्या शेतास तलाठ्याच्या दप्तरीं गटक्रमांक असतो. घरचीं माणसें मात्र त्यालाच "आंब्याखालचें" म्हणतात. नांवें दोन, भूमि एकच. आंब्याखालच्यांत बाजरी पेरली, तर गटक्रमांकांतून ज्वारी निघणार नाहीं. संगणकाच्या स्मृतींतही एकाच जागेस अशीं दोन नांवें देतां येतात.

वेतन, हिशेब, मालसाठा या व्यापारी कामांसाठीं ज्या भाषा आजही चालतात, त्यांपैकीं कोबोल व आर.पी.जी. या दोहोंचा जन्म १९५९ च्या सुमाराचा. कोबोलमध्यें "दिनांक" या नांवानें आठ अंकांची जागा घेतली व तींत २०२४०६१५ ठेविलें, असें समजा. त्याच जागेस वर्ष, महिना व दिवस अशीं पोटनांवेंही देतां येतात. आतां महिन्यांत ०७ घाला. दिनांकास कोणी हातही लावला नाहीं, तरी तो २०२४०७१५ झाला!

हें दुसरें नांव एकाच जागीं खिळलेलें असतें. पॉइंटर म्हणजे दर्शक. त्यानें तें हलतें केलें. दर्शकांत माल नसतो, मालाचा पत्ता असतो. आर.पी.जी.ला ही सोय १९९४ च्या सुधारलेल्या आवृत्तींत मिळाली. "कामगार" हें नांव दर्शकावर आधारलें, कीं त्यास स्वतःची जागा राहत नाहीं. दर्शक जेथें बोट ठेवील, तेथला मजकूर तोच कामगार. एक नोंद ८० अक्षरांची असेल, तर दर्शकांत ८० मिळविले कीं पुढचा कामगार समोर येतो. काहीं उचलून ठेवावें लागत नाहीं, म्हणून काम झपाट्यानें होतें.

पण पुढें कोणी नोंदींत चार अक्षरांचें नवें रकान्याचें ठिगळ लाविलें आणि ८० तसेच राहिले तर? नोंद ८४ ची, पाऊल ८० चें. दुसऱ्या वाचनांत पहिल्याचें शेपूट दुसऱ्याच्या नांवापुढें लागेल. पुढें प्रत्येक वेळीं चार चार अक्षरें मागें पडत जातील. बहुधा मध्येंच नासलेले आंकडे पाहून यंत्र थांबतें, व तें सुदैवच समजावें; कारण न थांबलें, तर बाविसाव्या वाचनास दर्शक बरोबर एकविसाव्या नोंदीच्या आरंभावर येतो. आंकडे स्वच्छ, नांव स्वच्छ, आणि बाविसाव्या मनुष्याच्या पगाराच्या वेळीं हिशेब एकविसाव्याचा!

दुसरा धोका अधिक गुप्त आहे. एका कार्यक्रमानें दुसऱ्यास वेतनाची रक्कम दिली, तर या दोन्ही भाषांत सामान्यतः रकमेची प्रत जात नाहीं, पत्ताच जातो. दुसऱ्यानें केवळ छापण्यापुरते पैसे गाळून रुपये पूर्ण केले, कीं मूळ वेतनांतलेही पैसे गेले. गरीब मनुष्याच्या हातीं कमी रक्कम पडते, आणि दोष शोधणारा भलत्याच कार्यक्रमांत शोधीत बसतो.

यास्तव जेथें केवळ पाहावयाचें आहे, तेथें कोबोलमध्यें प्रत धाडण्याची सूचना आहे, ती लिहावी. आणि ८० हा आंकडा हातानें कधींही लिहूं नये; नोंदीची लांबी किती, हें भाषेलाच विचारण्याची सोय आर.पी.जी.त आहे.