जुन्या पद्मिनीचं इंजिन उघडताय? बेअरिंग आधी विकत घेऊ नका!

कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीसेवेतून बाहेर पडली. पण भिवंडीत असो वा आणखी कुठे, हौसेने ती जपणाऱ्याला तिचं १०८९ सीसीचं इंजिन कधीतरी उघडावं लागतंच. मग प्रश्न येतो कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगचा.

रॉडचं काम काय?
पिस्टनचा जोर क्रँकशाफ्टपर्यंत पोहोचवणं. रॉड आणि क्रँकशाफ्टच्या मध्ये असतं बेअरिंग आणि ऑइलचा केसाहूनही पातळ थर.

बेअरिंग कोणत्या मापाचं?
ते क्रँकशाफ्ट ठरवतो. आधी त्याची झीज मायक्रोमीटरने मोजून घ्या. ग्राइंडिंगमध्ये तो ०.२५ मिमीने बारीक केला, तर बेअरिंगही ०.२५ अंडरसाइजचंच हवं. स्टँडर्ड बसवलं तर ते सैल पडून ऑइल प्रेशर उतरतं. गरजेपेक्षा जाड बसवलं तर इंजिन जाम होऊ शकतं.

रॉड नवेच हवेत?
गरज नाही. जुने रॉड सरळ असतील, तडा नसेल आणि खालचं भोक गोल असेल तर चालतात. फक्त हे पाहा:

• चारही रॉडचं वजन सारखं असावं.
• एका रॉडची कॅप दुसऱ्याला लावू नये.
• बोल्ट नवे घ्यावेत आणि टॉर्क रेंचनेच आवळावेत.

बोल्टवर वाचवलेले पैसे महागात पडू शकतात. चालत्या इंजिनात रॉड तुटला, तर तो थेट ब्लॉक फोडून बाहेर येतो.