उतारवयातील बहिरेपण : वहीत न दिसणारी तूट

दुकानात तूट आली की आपण माल मोजतो, उधारीची वही तपासतो, प्रसंगी नोकरावर संशय घेतो. गल्ल्यावर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना नीट ऐकू येते की नाही, हे मात्र कोणी तपासत नाही. जाफ्राबाद तालुक्यातील टेंभुर्णीसारख्या गावात बहुतेक दुकाने घरचीच असतात आणि साठी ओलांडलेले अब्बा रोज गल्ला सांभाळतात. म्हणूनच हा विषय आम्ही व्यापाराच्या पानावर घेत आहोत.

हा आजार विरळा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये श्रवणाविषयी अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार साठीपुढील दर तिघांपैकी सुमारे दोघांना थोडेफार कमी ऐकू येते, तर चारांपैकी एकाचे बहिरेपण रोजच्या व्यवहारात अडथळा आणण्याइतके असते.

आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात. वयाबरोबर त्या झिजतात आणि पुन्हा तयार होत नाहीत. बारीक, उंच स्वर टिपणाऱ्या पेशी आधी जातात. त्यामुळे ढोबळ आवाज ऐकू येतो, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरे निसटतात. गिऱ्हाईक ‘साठ’ म्हणते आणि दुकानदाराला ‘आठ’ ऐकू येते. फोनवर किंवा बाजाराच्या गलक्यात ही चूक अधिक होते. ‘मला ऐकू येते, लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात’ ही वडीलधाऱ्यांची तक्रार याच कारणाने असते.

कारागिरांचे नुकसान वयाची वाट पाहत नाही. फॅब्रिकेशनचे ग्राइंडर, पत्रा ठोकणे, कापूस पिंजण्याचे यंत्र, जालन्याच्या रोलिंग मिल, या सर्व ठिकाणी कानाची झीज तरुणपणीच सुरू होऊ शकते. आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे. आवाज 95 झाला तर चार तास आणि 100 झाला तर दोनच तास. एक हात अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज घातक आहे असे समजावे. कानात नुसता कापूस घालून भागत नाही. फोमचे प्लग स्वस्त मिळतात, ते वापरावेत आणि कामगारांनाही द्यावेत.

कमी ऐकू येण्याचे कारण प्रत्येक वेळी वय नसते. साचलेला मळ किंवा कानातला पू हेही कारण असू शकते आणि त्यावर उपचार आहे. कानात गरम तेल ओतू नये, काडी घालू नये. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण उशिराने उपचाराचा उपयोग कमी होतो.

तपासणीसाठी जालन्याचे जिल्हा रुग्णालय आणि छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय आहे. मुंबईत वांद्र्याला 1983 मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था खास याच कामासाठी आहे. ऐकण्याची मोजणी करून घेतल्याशिवाय बाजारातून यंत्र विकत आणू नये. चष्म्याप्रमाणे तेही ज्याचे त्याला जुळवून घ्यावे लागते आणि सवय व्हायला काही आठवडे जातात.

खर्चाची अडचण असल्यास, केंद्राच्या 2017 च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत साठीपुढील गरजूंना श्रवणयंत्र मोफत देण्याची तरतूद आहे. राज्याने 2024 मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना सुरू केली. तीत 65 वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकदाच 3,000 रुपये देण्याचे ठरले. सध्याच्या अटी जालन्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्याव्यात.

दुकानातही थोडा बदल करावा. भाव पाटीवर लिहावेत, रक्कम कॅल्क्युलेटरवर दाखवावी, फोनवरची ऑर्डर उलट म्हणून पक्की करावी आणि उधारी तिथल्या तिथे लिहावी.

शेवटी मुलांना सांगणे. ऐकू न येणाऱ्या बापावर चारचौघांत ओरडले की तो हळूहळू बोलणेच सोडतो, आणि चाळीस वर्षांचा धंद्याचा अनुभव घरातल्या घरात गप्प होतो. आईवडिलांच्या म्हातारपणी त्यांच्याशी नरमाईने बोलावे, ही आपल्या दीनची शिकवण आहे. समोर बसून, सावकाश आणि स्पष्ट बोलावे. आणि एक दिवस दुकान मुनीमावर सोपवून त्यांना तपासणीला घेऊन जावे.