काम तिकडे, माणसं इकडे

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, वडवणी, धारूर भागातली गावं रिकामी होऊ लागतात. खरीप निघालेलं, रब्बीला पाणी नाही, जवळ पुरेसे कारखाने नाहीत. त्याच वेळी कोल्हापूर-सांगलीकडे ऊसतोडीला माणसं हवी असतात. प्रादेशिक रोजगाराचा असमतोल म्हणतात तो हाच. माणसं हलली की तो मिटावा, असं पुस्तकी अर्थशास्त्र सांगतं. पण हा मजूर खुल्या बाजारात काम शोधत नाही. हंगामाआधीच मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते. ती फिटेपर्यंत जास्त मजुरीच्या जागी जाण्याची मोकळीक त्याला नसते. नवरा-बायको दोघांनी तोडीला जायचं, म्हणून मुलंही बरोबर येतात आणि शाळा सुटते. मला हे सर्वांत गंभीर वाटतं, कारण पुढच्या पिढीची दुसरं काम मिळवण्याची ताकद इथेच खचते.

काम गावाजवळ आणण्याचा प्रयत्नही महाराष्ट्रानेच केला. १९७२च्या दुष्काळात रोजगार हमी योजनेने असंख्य घरं तगवली. १९७७ साली तिचा कायदा झाला. मात्र हमीची मजुरी काम झाल्यावर थोडी थोडी मिळते, आणि लग्न, दवाखाना, जुनं देणं यांसाठी पैसा एकरकमी लागतो. तो मुकादमच देतो.