क्लच प्लेट बदलण्यापूर्वी पेडल तपासा

हेब्बाळहून कोलारच्या टोमॅटो पट्ट्यात कीड-सर्वेक्षणास निघालेल्या जुन्या गाडीचा क्लच बेंगळुरूच्या वाहतुकीतच निम्मा झिजतो. मारुती ८००सारख्या केबल-क्लचच्या गाडीत गिअर अडखळू लागला, की क्लच प्लेट बदलण्याचा सल्ला मिळतो. पान पिवळे दिसताच फवारणी करावी, तसेच हे.

इंजिन बंद ठेवून पेडल हाताने आडवे हलवावे. ते डुलत असल्यास पिनेवरील बुश झिजले आहे. नंतर पेडल हलकेच दाबून मोकळी चाल मोजावी. ती पुस्तिकेतील मापापेक्षा जास्त असल्यास क्लच पूर्ण सुटत नाही व गिअर घासतो. मुळीच नसल्यास प्लेट घसरते. चाल जुळवूनही चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी वेग घेत नाही, असे होत असेल तरच प्लेटचा खर्च करावा.

बुश व पिन जोडीनेच बदलून ग्रीस लावावे. केबलचे तंतू तुटलेले असल्यास ती बदलावी, आणि शेवटी समायोजन नटाने चाल जुळवावी. आधी जुळवल्यास ते काम पुन्हा करावे लागते.

ट्रॅक्टरलाही हीच तपासणी लागू पडते. तेथे केबलऐवजी बहुधा दांडा असतो.